त्राकोन्या

आमच्या भाषेत नाव पाण्यावरही चालते
आणि हाकेलाही येते,
म्हणून मला नवल वाटले नाही
की हे नाव नावेतूनच आले असेल.

आयवालिकच्या बाजारात, बर्फाच्या चुऱ्यावर
हातभर, पिवळसर तिरप्या रेघांचा मासा.
डोळे पार माथ्यावर,
पाठीवर इवलासा काळा पंखा, मिटलेला.
पाटीवर खडूने : त्राकोन्या.
गिऱ्हाईक विचारते, म्हणजे काय हो?
नेझिहे म्हणते, म्हणजे किलोला दोनशे.

कोशात तरी याहून जास्त कुठे आहे?
नाम. एक मासा. काटे विषारी. शब्द पलीकडचा.

अर्थ हरवला तरी वापर थांबत नाही.
घरभाडे मागायला येणारी, ती त्राकोन्या.
शाळेतली गणिताची बाई, ती.
रात्री वाळूत विसरलेला गळ पायात गेला
तर त्यालाही तेच.
आणि नेझिहेची पाठ वळली
की तिला.
तिला ते ठाऊक होते.
नावे ठेवणाऱ्यांना ती सुट्टे पैसे कमी द्यायची.

तिचा नवरा रिफ्की, त्याला हे नाव अंगठ्याने माहीत.
पहाटेच्या अंधारात जाळे झटकताना
मेलेल्या माशाने काटा मारला होता.
मेली तरी डसते, असे ओरडत तो घरी आला
आणि नेझिहेने सोसेल तितक्या कढत पाण्यात
त्याचा हात धरून ठेवला, तासभर,
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.
त्या दिवशी बाजाराचे म्हणणे
त्याला थोडेसे पटले.

मग एका मार्चमध्ये इंजिन बंद पडले,
वाऱ्याने ढकलत समोरच्या बेटावर नेले.
पासपोर्ट नाही, भाषा नाही, टोपलीत अर्धा किलो मासळी.
धक्क्यावर जाळी सांधत बसलेली मिर्सिनी
टोपलीत डोकावली आणि म्हणाली, द्राकेना!
तो म्हणाला, त्राकोन्या.
ती म्हणाली, द्राकेना.
एकच शब्द. तिच्या तोंडात दातांसकट,
त्याच्या तोंडात गुळगुळीत, गोट्यासारखा.

तिचा बाप याच्याच किनाऱ्यावर जन्मलेला.
एका वर्षी सरकारांनी माणसांची अदलाबदल केली,
इकडची तिकडे, तिकडची इकडे,
किल्ल्या, बोकड, देव्हारे, आजारी म्हाताऱ्या.
माशांना कुणी उठवले नाही.
ते तिथेच राहिले, वाळूत, जुन्या नावाने.

बापाच्या मोडक्या तुर्कीत तिने अर्थ सांगितला,
तो पुरेना तेव्हा उठून करून दाखवला :
बोटांचे पंजे, उघड्या हिरड्या, गुरगुर.
राक्षसीण. गोष्टीतली. डोंगरात राहते,
वाटसरू खाते, केस विंचरत नाही.
आणि मग बसता बसता,
माझी जाऊ, असे म्हणून
गावाकडे बोट दाखवले.

मी त्या शब्दाचे मूळ खणत गेलो, तर खाली
राक्षस सापडला नाही.
सापडला एक जुना धातू, पाहणे.
आपल्या दृश्-चा चुलतभाऊ.
म्हणजे दर्शन तिच्या भावकीतले, दृष्टी तिच्या,
आणि लागते ती दृष्टसुद्धा,
जिच्यासाठी त्या दोन्ही किनाऱ्यांवर
होडीच्या नाळीला निळा मणी बांधतात.
ती वाळूत अंग पुरून असते, डोळे तेवढे वर.
पाय पडेपर्यंत
नुसती पाहते.

रिफ्की तिसऱ्या दिवशी परतला, ओढून आणलेल्या नावेतून.
मासे साफ करणाऱ्या बायकोसमोर उभा राहिला
आणि सगळा अर्थ सांगून टाकला,
पंजे, हिरड्या, गुरगुर.
नेझिहे कात्रीने काळा पंखा मुळापासून कापत होती.
कल्ल्याचा काटा उरला होता, तोही कापला.
काटे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले, दोरा बांधला,
मांजराच्या तोंडी लागू नयेत म्हणून.
मग म्हणाली, राक्षसीण?
आणि मी मेली इतकी वर्षे
मासळी म्हणतात समजून रागावत होते.

दुसऱ्या दिवशी पाटीवर नाव तेच.
भाव दहाने चढा.